लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन : जुन्या लाल औषधाशी तुलना, ठाण्यातल्या अनुभवावरून

आधी स्टार सांगून टाकते. औषधाला, म्हणजे कॅन्सरच्या केमोत देतात त्या या इंजेक्शनला, ५ पैकी ४, ज्या डे केअर सेंटरला आम्ही जातो त्यांना साडेचार, आणि ज्या केमिस्टकडून पहिल्यांदा वायल्स (इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या) घेतल्या त्याला १. हे सगळं ताईला विचारून लिहितेय, तिनेच सांगितलं की लिही, कारण आम्हाला हे औषध सुचवलं तेव्हा मराठीत धड वाचायला काहीच मिळालं नाही, एकतर "नॅनो टेक्नॉलॉजी, साइड इफेक्ट नाहीत" असं जाहिरातीसारखं नाहीतर मग नुसतं घाबरवणारं. ज्यांच्या घरी आत्ता हा निर्णय घ्यायचाय त्यांच्यासाठी लिहितेय, त्यामुळे जरा लांबलं तरी वाचा.

ताई माझ्यापेक्षा ८ वर्षांनी मोठी, नौपाड्यात राहते आणि ब्लाऊज शिवते. हौस म्हणून नाही, घर त्यावर चालतं, भावोजींची वागळे इस्टेटमधली कंपनी बंद झाली तेव्हापासून तर पूर्णच, आणि राम मारुती रोडच्या साड्यांच्या दुकानांतून फॉल-पिकोचं कामही तिच्याकडे येतं. हा शिवणकामाचा मुद्दा लक्षात ठेवा, या औषधाच्या बाबतीत शेवटी तोच सगळ्यात महत्त्वाचा निघाला.

तिला पहिल्यांदा ब्रेस्ट कॅन्सर झाला २०१६ मध्ये. ऑपरेशन, मग केमो, मग रेडिएशन. त्या केमोत साधं डॉक्सोरुबिसिन होतं, ज्यांनी घेतलंय किंवा पाहिलंय त्यांना ते लाल इंजेक्शन सांगायला नको. सिस्टर समोर बसून मोठ्या सिरिंजने हळूहळू ढकलायची, नजर हातावरून हलवायची नाही, कारण हे औषध शिरेच्या बाहेर झिरपलं तर आतली कातडी आणि मांस अक्षरशः जळतं. दुसऱ्या दिवशीपर्यंत लघवी लाल. तिसऱ्या आठवड्यात केस गेले ते उशीवर, बाथरूममध्ये, शिवायला घेतलेल्या कपड्यावर सगळीकडे. उलट्या इतक्या की शेजारच्यांच्या फोडणीचा वास आला तरी ती दार लावून घ्यायची. पण त्या औषधाने तिला कितीतरी चांगली वर्षं दिली हेही तितकंच खरं, म्हणून मी त्याला वाईट म्हणणार नाही. आजही ब्रेस्ट कॅन्सरच्या केमोत ते कामाचं औषध आहे आणि स्वस्त आहे.

गेल्या वर्षी खोकला जाईना म्हणून स्कॅन केला तर फुफ्फुसात गाठी. तोच आजार परत आलेला. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं की आता उद्देश आजार ताब्यात ठेवायचा आणि रोजचं आयुष्य जितकं नीट चालेल तितकं चालवायचं असा आहे. हे स्पष्ट सांगणं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण पुढचं प्रत्येक औषध निवडताना मग प्रश्न बदलतो, नुसतं "किती जोरदार" एवढंच राहत नाही, "हे घेऊन ही बाई तिचं काम करू शकेल का" हेही तितकंच महत्त्वाचं होतं.

आता साधं डॉक्सोरुबिसिन परत का नाही? कारण हृदय. या औषधाचा हिशोब आयुष्यभराचा असतो. दर वेळचा डोस शरीराच्या क्षेत्रफळावर (वजन-उंचीवरून काढतात ते) ठरतो आणि तो साठत जातो, म्हणजे औषध शरीरात राहत नाही पण हृदयाच्या स्नायूला झालेली इजा राहते. साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर ही आयुष्याची मर्यादा धरतात, त्यापुढे हार्ट फेल्युअरचा धोका झपाट्याने वाढतो. ताईला तेव्हा ६० च्या हिशोबाने ४ डोस मिळालेले, म्हणजे २४० तिथेच वापरले गेले. वर डाव्या बाजूचं रेडिएशन, वर आता बीपी. म्हणून डॉक्टर म्हणाले औषध तेच देऊया पण लायपोसोमल देऊया, पूर्ण नाव पेगिलेटेड लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन. तुमच्याकडे २०१६ च्या फाइलसारखी जुनी डिस्चार्ज समरी असेल तर ती कृपा करून जपून ठेवा, आमच्याकडे होती म्हणून हा २४० चा आकडा डॉक्टरांना दोन मिनिटांत काढता आला.

तर प्रॉडक्ट काय आहे ते आधी सांगते, मला समजायला वेळ लागला पण समजलं तेव्हा बाकीचं सगळं, म्हणजे फायदे पण आणि त्रास पण, आपोआप कळायला लागलं. औषधाचा रेणू तोच, जुना लाल. फक्त तो मोकळा सोडलेला नाही. चरबीसारख्या पदार्थाच्या दुपदरी आवरणाची एक अतिसूक्ष्म गोळी, साधारण ८० ते १०० नॅनोमीटरची, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. त्या एका गोळीच्या आत औषधाचे दहा हजारांहून जास्त रेणू स्फटिकासारखे घट्ट बसवलेले. आणि त्या गोळीच्या बाहेरून पॉलिइथिलीन ग्लायकॉल, ज्याला पेग म्हणतात, त्या पॉलिमरचे, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचे, धागे लावलेले. या पॉलिमरचं काम सगळ्यात भारी आहे. नुसती चरबीची गोळी रक्तात सोडली तर रक्तातली प्रथिनं लगेच तिला चिकटतात आणि लिव्हर-प्लीहेतल्या पेशी तिला परकी समजून गिळून टाकतात, थोड्या वेळात खेळ खलास. पेगचे धागे पाणी धरून ठेवतात, सब्जाचं बी भिजलं की त्याच्याभोवती कसा बुळबुळीत थर येतो तसा पाण्याचा थर त्या गोळीभोवती तयार होतो, आणि मग प्रथिनांना चिकटायला जागाच मिळत नाही. परिणाम काय, तर मोकळं डॉक्सोरुबिसिन रक्तातून काही मिनिटांत पेशींमध्ये, म्हणजे हृदयातही, घुसतं, आणि ही गोळी मात्र दोन-तीन दिवसांनीही निम्मी रक्तात फिरत असते, औषध बहुतेक सगळं आतच ठेवून.

हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती घट्ट असतात, एवढी गोळी तिथून सहज बाहेर पडत नाही. गाठीतल्या रक्तवाहिन्या मात्र घाईघाईत वाढलेल्या, गळक्या, तिथून ती झिरपते आणि तिथेच अडकून हळूहळू औषध सोडते. हा गळकेपणाचा गुण जपानमध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये मांडला, आणि हे औषध जेरुसलेमच्या बारेनहोल्झ आणि गाबिझोन यांच्या कामातून आलं, अमेरिकेत १९९५ मध्ये मंजूर झालं, नॅनो म्हणता येईल असं ते तिथलं पहिलं औषध. म्हणजे कुणी तुम्हाला "एकदम लेटेस्ट" म्हणून सांगत असेल तर तसं नाही, तीस वर्षं वापरात आहे, आणि माझ्या मते ही जमेची बाजू आहे, कारण त्याचे गुण-दोष आता नीट माहीत झालेत.

आता "थेट गाठीवर जातं, बाकी कुठे जात नाही" हे जे सगळीकडे म्हणतात त्याबद्दल. हे खरं नाही आणि पेशंटला असं सांगू नये. २०१६ मध्ये अशा नॅनो औषधांवरच्या प्राण्यांमधल्या कितीतरी प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला गेला, त्यात दिलेल्या डोसपैकी गाठीत पोचणारा भाग मध्यम हिशोबाने ०.७ टक्के निघाला. एक टक्कासुद्धा नाही. बाकीचं लिव्हरमध्ये, प्लीहेत, त्वचेत जातंच. मग फायदा कसला? तर फायदा हृदय वाचतं हा. आणि याचा नीट पुरावा आहे, २००४ मध्ये आलेल्या एका मोठ्या चाचणीत पसरलेला ब्रेस्ट कॅन्सर असलेल्या ५०९ बायकांना अर्ध्यांना साधं आणि अर्ध्यांना हे दिलं होतं. आजार रोखून धरण्याचा काळ जवळपास सारखा, ६.९ महिने याचा आणि ७.८ साध्याचा, एकूण आयुष्यही जवळपास सारखंच. पण हृदयाला इजा होण्याचा धोका साध्या औषधात तिपटीने जास्त. केस जाणं साध्यात ६६ टक्के, यात २०. मळमळ ५३ आणि ३७. आणि मग उलट बाजू, हातापायाच्या तळव्यांचा त्रास, म्हणजे ते लाल होऊन सोलणं, साध्यात २ टक्के आणि यात ४८.

हे आकडे मी डॉक्टरांसमोर कागदावर लिहून घेतले होते. ताईने तो कागद बघितला आणि बोट नेमकं ४८ वर ठेवलं. हृदयाचं तिला पटलं, केसांचं आवडलं, पण हात हे तिचं पोट आहे. मग तिने विचारलं की दुसरं काय आहे. दुसरं होतं पॅक्लिटॅक्सेल, दर आठवड्याचं, साधं किंवा अल्ब्युमिन प्रथिनाला बांधलेलं नॅनो पॅक्लिटॅक्सेल. त्यात तळवे असे सोलत नाहीत पण बोटांना मुंग्या आणि बधिरपणा येतो, नसांचा त्रास तो, आणि तो गेला तर महिनोनमहिने घेतो, काहींचा पूर्ण जातच नाही. म्हणजे दोन्हीकडे हातच. डॉक्टर म्हणाले (आणि हे वाक्य मी विसरणार नाही) की बधिर बोटाला सुई कळत नाही, पण सोललेलं बोट सुट्टी दिली की भरून येतं. ताईने लायपोसोमल निवडलं. मला वाटतं असाच निर्णय व्हायला हवा, त्या माणसाला रोज काय करायचं असतं ते विचारून. दुकानात उभं राहणाऱ्या माणसाचं, रिक्षा चालवणाऱ्याचं, की-बोर्डवर काम करणाऱ्याचं उत्तर वेगळं येईल.

आता सेंटर. घोडबंदर रोडला आहे, नाव देत नाही कारण पेशंटची ओळख लपवायचीय. माजिवडा, कापूरबावडीचा ट्रॅफिक आणि मेट्रोच्या कामाचे पत्रे धरून निघावं लागतं, आम्ही सकाळची पहिली अपॉइंटमेंट घेतो, दुपारी परतताना फार हाल होतात. आत गेल्यावर मात्र काम चोख. वजन-उंची दर वेळी परत, कारण डोस त्यावरच ठरतो, ताईचं क्षेत्रफळ १.५ चौरस मीटर आणि डोस ४० च्या हिशोबाने म्हणजे ६० मिलिग्रॅम, २० च्या तीन वायल्स. रक्ताचे रिपोर्ट बघितल्याशिवाय वायल उघडत नाहीत. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, दोन सिस्टर मिळून वायलवरचं पूर्ण नाव मोठ्याने वाचतात, "पेगिलेटेड लायपोसोमल" हे शब्द म्हटल्याशिवाय पुढे जात नाहीत. कारण साधं आणि हे, दोन्ही लाल, दोन्ही डॉक्सोरुबिसिन, पण डोसचं गणित वेगळं, द्यायची पद्धत वेगळी, एकाच्या जागी दुसरं दिलं तर जिवावर बेतू शकतं. तुम्ही जाल तिथे असं मोठ्याने वाचत नसतील तर तुम्ही स्वतः वायल हातात मागून वाचा, कुणाला राग आला तरी चालेल.

औषध दिसायला पण वेगळं आहे, जुनं काचेसारखं आरपार लाल होतं, हे जरा धुरकट, गढूळ लालसर. खराब झालंय असं वाटून घाबरू नका, गोळ्या तरंगत असतात म्हणून तसं दिसतं. हे फक्त ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीत मिसळतात, सलाईनमध्ये नाही, आणि लाईनला बारीक फिल्टर लावत नाहीत. पहिल्या वेळी सुरुवात एकदम हळू करतात, मिनिटाला १ मिलिग्रॅम, कारण पहिल्याच डोसला काहींना रिअॅक्शन येते, साधारण दहातल्या एकाला, चेहरा लाल होतो, छातीत दाब, पाठीत कळ, श्वास लागतो. ताईला पाचेक मिनिटांत पाठीत कळ आली आणि चेहरा तापला. सिस्टरने एका सेकंदात ड्रिप बंद केलं, डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, अर्ध्या तासाने परत त्याहून हळू सुरू केलं आणि मग शेवटपर्यंत काही झालं नाही, त्यानंतरच्या डोसना पण नाही. हे असं होऊ शकतं हे त्यांनी आधीच आम्हाला बसवून सांगितलं होतं म्हणून ताई घाबरली नाही, तिनेच हात वर करून "सिस्टर, पाठ" एवढं म्हटलं. साडेचार स्टार त्यासाठी.

दर काही सायकलनंतर (एक डोस आणि पुढच्या डोसपर्यंतचे आठवडे म्हणजे एक सायकल) टू डी एको करतात, हृदयाचं पंपिंग किती टक्के ते बघायला. आत्तापर्यंत तिचं पंपिंग होतं तिथेच आहे. गाठी लहान झाल्यात, गेलेल्या नाहीत. खोकला थांबला. केस पातळ झाले पण डोक्यावर आहेत, वेणी घालते. उलटी जवळपास नाहीच, पहिले दोन-तीन दिवस तोंडाला चव नसते आणि एकदा तोंडात छाले आले होते, भातावर ताक आणि मऊ मुगाच्या खिचडीवर तो आठवडा काढला.

केमिस्टबद्दल रागाने लिहितेय आणि रागाने वाचावं अशीच गोष्ट आहे. हे औषध २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं आणि गोठू द्यायचं नसतं. गोठलं तर त्या गोळ्या फुटून औषध बाहेर येऊ शकतं, मग तुम्ही जे शिरेत घालताय त्यावर पेगिलेटेड लिहिलेलं असलं तरी ते तसं उरलंय याची खात्री नाही. या दुकानदाराने तीन वायल्स साध्या कॅरीबॅगमध्ये बर्फाच्या खड्यांना टेकवून दिल्या, वर म्हणाला "थंडच आहे ना मॅडम". सेंटरच्या फार्मासिस्टने बघितलं, एका वायलच्या बुडाशी बर्फासारखं काही दिसतंय म्हणाला, आणि सरळ सांगितलं की ह्या मी वापरू देणार नाही. पैसे परत मिळायला भावोजींना दुकानात उभं राहून आवाज चढवावा लागला. आता आम्ही घेतो तो केमिस्ट जेल पॅक, मध्ये पुठ्ठा आणि छोटा थर्माकोलचा डबा देतो, बॅच नंबर बिलावर लिहितो. केमिस्टकडे जाल तर फ्रिज बघायला मागा, त्यात थर्मामीटर आहे का बघा, आणि वायल कधीही बर्फाला थेट टेकू देऊ नका. मे महिन्यात ठाण्यात दुपारी रिक्षाने नेताय तर डबा मांडीवर, सावलीत, डिकीत नाही.

किंमतीबद्दल एकच सांगते, छापील एमआरपी बघून हातपाय गाळू नका. कॅन्सरच्या औषधांत छापील किंमत आणि खरी विक्रीची किंमत यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, आम्हाला त्याच ब्रँडच्या त्याच वायलचे तीन ठिकाणी तीन भाव सांगितले गेले आणि सगळ्यात कमी भाव छापील किमतीच्या निम्म्याच्याही खाली होता. २०१९ मध्ये सरकारने कॅन्सरच्या ४२ औषधांवर व्यापाऱ्याचा नफा ३० टक्क्यांपर्यंत बांधला, सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झाला, तरी विचारल्याशिवाय कुणी कमी करत नाही. विचारा. महात्मा फुले योजनेत तुमची केमो बसते का तेही हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राकडून आधीच लेखी घ्या.

आणि "आपलं भारतीय बनावटीचं चालेल का" हा प्रश्न भाच्याने विचारला होता, तो पुण्याहून फोनवर सारखा परदेशी ब्रँड शोधायचा. त्याला मी सांगितलेली गोष्ट इथेही सांगते. २०११ मध्ये अमेरिकेतच या औषधाचा तुटवडा पडला, पेशंट वेटिंग लिस्टवर होते, तेव्हा २०१२ च्या फेब्रुवारीत तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, आपल्या भारतातल्या सन फार्माचं लिपोडॉक्स (हेच औषध) आणायला परवानगी दिली, आणि पुढच्या वर्षी सनच्या जेनेरिकला रीतसर मंजुरीही मिळाली. फक्त एक पथ्य, एकदा एक ब्रँड सुरू केला की डॉक्टरांना न विचारता मध्येच बदलू नका, या गोळ्या बनवणं साध्या इंजेक्शनसारखं सोपं नसतं, आवरण जरा वेगळं झालं तर औषध सुटण्याचा वेग बदलतो.

आता हात. पहिल्या सायकलला काही नाही. दुसऱ्यानंतर तळहात गुलाबी आणि गरम, झिणझिण्या, तिला वाटलं इस्त्रीची वाफ लागली असेल. तिसऱ्यानंतर अंगठ्याच्या आतल्या बाजूला, जिथे कात्रीची कडी रोज घासते तिथे, लाल होऊन कातडी सोलली, आणि उजव्या पायाच्या तळव्याला, मशीनचं पायडल जिथे टेकतं तिथे. अगदी त्याच दोन जागा. कारण तेच, गोळी बरेच दिवस रक्तात फिरते, जिथे दाब, घासणं आणि उष्णता असते तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांतून झिरपते, शिवाय घामातूनही औषध तळव्यावर येतं असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे पॉलिमरच्या ज्या गुणाने हृदय वाचवलं त्याच गुणाने हात धरला. हे कळल्यावर तिला राग कमी आला, मला मात्र रात्री झोप नाही आली, कारण दिवाळीच्या आधी तिच्या घरी ब्लाऊजच्या पिशव्या दाराच्या मागे खिळ्याला लटकलेल्या असतात आणि त्या वेळी खिळा रिकामा होता.

तेव्हा डॉक्टरांनी तीन गोष्टी केल्या आणि तिन्ही उपयोगी पडल्या. पुढचा डोस एक आठवडा लांबवला, कातडी भरून येईपर्यंत. डोस ४० वरून ३० केला. आणि ड्रिप चालू असताना मनगट आणि घोट्यांना थंड पॅक गुंडाळायला सुरुवात केली, रक्तवाहिन्या आकसल्या की तिथे कमी औषध पोचतं. घरी आम्ही काय केलं ते पण लिहिते कारण हे कुणी सांगत नाही : ड्रिपनंतरचा पहिला आठवडा गरम पाण्यात हात नाही, म्हणजे भांडी, कपडे, पोळ्या लाटणं सगळं बंद, पोळ्या खालच्या पोळीभाजी केंद्रातून. आंघोळ कोमट. चपला सैल, मऊ. युरिया असलेलं क्रीम दिवसातून दोन-तीनदा, चोळायचं नाही, फक्त थापायचं. टाळ्या वाजवून आरती नाही, गणपतीत तिने हे कटाक्षाने पाळलं. कपड्याचं कटिंग त्या आठवड्यात मी करते, ती शेजारी बसून खडूची रेघ कुठे घ्यायची ते सांगते, मशीनला मोटर बसवून घेतली म्हणजे पायडलचा दाब गेला, आणि हुक-काजं, हातशिलाईची बारीक कामं ती तिसऱ्या-चौथ्या आठवड्यासाठी ठेवते. डोस कमी केल्यावर आजार बळावेल का ही भीती होतीच, डॉक्टरांनी समजावलं की आजार ताब्यात ठेवायचा असताना जो डोस सहन होऊन नियमित घेता येतो तोच कामाचा, आणि पुढच्या स्कॅनमध्ये गाठी वाढलेल्या नव्हत्या. आता खिळ्याला परत पिशव्या आहेत, आधीपेक्षा कमी, पण आहेत.

कापलेला एक स्टार या हातांसाठीच. आणि दुसऱ्या कुणाला हे औषध मी सरसकट सुचवणार नाही. पहिल्यांदाच आजार झालाय, हृदय ठणठणीत, पूर्ण बरं व्हायची आशा आहे, तर डॉक्टर साधं डॉक्सोरुबिसिन देत असतील तर "आम्हाला नॅनोच द्या, खर्चाचं बघू" असा हट्ट करू नका, ते आजार जास्त मारत नाही हे वरच्या आकड्यांत दिसतंच. आधी साधं डॉक्सोरुबिसिन घेऊन झालंय, हृदयाचा काही प्रश्न आहे, वय आहे, किंवा ओव्हरीचा कॅन्सर परत आलाय, अशांनी मात्र जरूर विचारावं.

थोडं पुढचं. वेटिंगमध्ये बसून वाचून वाचून मला या विषयाची गोडीच लागलीय. चरबीच्या गोळीला पॉलिमरचं नुसतं आवरण, इथपासून आता पूर्ण पॉलिमरच्याच गोळ्यांपर्यंत काम गेलंय. दक्षिण कोरियात २००७ मध्येच पेग आणि पॉलिलॅक्टिक अॅसिड या दोन पॉलिमरच्या गोळीत भरलेलं पॅक्लिटॅक्सेल मंजूर झालं. त्याचा फायदा असा की साध्या पॅक्लिटॅक्सेलला पाण्यात विरघळवायला एरंडेलापासून बनवलेला एक पदार्थ घालावा लागतो, जोरदार अॅलर्जी बहुतेक त्याचीच येते, आणि या गोळीत तो लागतच नाही. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक अॅसिडचं जे पॉलिमर आपोआप विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्यात असतं त्याच जातीच्या पॉलिमरमधून प्रोस्टेट कॅन्सरची महिन्याची, तीन महिन्यांची इंजेक्शनं कधीपासून मिळतात, पॉलिमर जसजसं विरघळतं तसतसं औषध सुटतं. ताईला हे टाक्यांच्या धाग्याचं सांगितलं तेव्हा तिने सगळ्यात जास्त प्रश्न विचारले, किती दिवसांत विरघळतो, ताण किती घेतो, दोन अॅसिडचं प्रमाण बदललं तर काय होतं. आणि खरंच, प्रमाण बदललं की विरघळण्याचा वेग बदलतो, औषध किती हळू सोडायचं ते तिथेच ठरवतात.

सेंटरचा अर्धा स्टार का कापला ते राहिलं. त्यांनी दिलेलं माहितीपत्रक फक्त इंग्रजीत आहे. ज्या बाईच्या हातांवर हे सगळं घडणार आहे तिला "पाल्मर-प्लांटार" (तळहात-तळपायाचं) अमुक तमुक असं लिहिलेला कागद देऊन उपयोग काय? सिस्टर तोंडी छान सांगतात, पण घरी गेल्यावर चौथ्या दिवशी तळवा लाल झाला की तोंडी सांगितलेलं आठवत नाही. आम्ही मोठ्या अक्षरात एक पान मराठीत लिहून फार्मासिस्टना तपासायला दिलंय, त्यात कधी फोन करायचा ते सगळ्यात वर आहे : ताप १००.४ च्या वर, श्वास लागणं, पायाला सूज, तोंडात छाले येऊन पाणीही गिळता न येणं, आणि तळव्यावर फोड. ते छापून प्रत्येक पेशंटच्या फाइलला लावतो म्हणालेत. लावलं की इथे येऊन अर्धा स्टार वाढवेन.